रुप्याच्या उथळ्या

पैसे मागणारी पुस्तिका कोणी हौसेने उघडत नाही आणि तिची प्रस्तावना तर सहसा कोणी वाचतच नाही. म्हणून जे सांगायचे ते पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकतो. या पुस्तिकेला मोठा दाता शोधायचा नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरात राहणाऱ्या प्रत्येक कमावत्या बेने इस्राएल माणसाने, बाईने, दरमहा ठरावीक आणि सगळ्यांना सारखीच रक्कम आपल्या सिनेगॉगला द्यावी, एवढेच तिचे मागणे आहे. विशेषतः हिंजवडीकडे राहणाऱ्यांनी, कारण सध्या आपल्या समाजातला कमावता हात बराचसा तिकडेच आहे आणि सिनेगॉगच्या वहीत नेमके त्यांचेच नाव सापडत नाही.

असे का झाले हे समजायला फार खोल जावे लागत नाही. पुण्यात आपली प्रार्थनास्थळे दोन. कॅम्पातले ओहेल डेव्हिड, ज्याला सारे पुणे ‘लाल देऊळ’ म्हणते, आणि रास्ता पेठेतले १९२१ सालचे सुक्काथ शेलोमो. हिंजवडीहून दोन्ही ठिकाणे विसेक किलोमीटरवर. एरवी हे अंतर काही फार नाही, पण शुक्रवारी संध्याकाळी ते मोजून पाहा. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, शब्बाथचे दिवे त्याआधी लावायचे, म्हणजे तिसऱ्या फेजमधून चारलाच निघायला हवे. चारला मीटिंग असते. आणि ती आटोपून निघालेच तरी वाकडच्या पुलापर्यंत पोचेस्तोवर सूर्य आपले काम उरकून गेलेला असतो. शब्बाथ सुरू झाला की गाडी चालवायची नाही, असे पाळणाऱ्याचा तर प्रश्नच मिटला. मग वर्षातून दोनदा, नव्याच्या सणाला आणि दारफळणीच्या सणाला, रजा टाकून जायचे. वहीत नाव यायला तेवढे पुरत नाही.

शिवाय ही मंडळी मूळची इथली नाहीत. कोणी ठाण्याचे, कोणी पनवेलचे, कोणी अलिबागकडचे. नोकरी हिंजवडीत, भाड्याचा फ्लॅट मारुंजीला, आईवडील ठाण्याला, मावशी अश्दोदला. अशा माणसाला ‘तू कोणत्या मशिदीचा?’ (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणत) असे विचारले की तो बापाच्या मशिदीचे नाव सांगतो. तिथे बाप वर्गणी भरत असतो. इथे कोणीच भरत नाही.

गंमत म्हणजे या भाडेकरूंचा विचार आपल्या शास्त्रकारांनी सुमारे अठराशे वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. मिश्नाच्या बाबा बात्रा या भागात प्रश्न येतो: नवा आलेला माणूस गावकरी कधी धरायचा, म्हणजे गावाच्या खर्चाचा वाटा त्याच्याकडून कधी मागायचा? उत्तर आहे, बारा महिन्यांनी. पण त्याने गावात घर विकत घेतले असेल तर त्याच दिवसापासून. पुढे तालमुदाने याच्याही पायऱ्या पाडल्या. तीस दिवस राहिला की गरिबांच्या रोजच्या अन्नछत्रात वाटा, तीन महिन्यांनी धर्मादाय पेटीत, सहा महिन्यांनी गरिबांच्या कपड्यांत, नऊ महिन्यांनी दफनाच्या खर्चात आणि बारा महिन्यांनी गावकुसाच्या भिंतीत. मला ही यादी फार आवडते. तिच्यात माणूस गावात मुरत कसा जातो याचा नकाशा आहे: आधी भूक दिसते, मग उघडे अंग, मग मरण, आणि सगळ्यात शेवटी भिंत. हिंजवडीतल्या आपल्या कितीतरी तरुणांनी गृहकर्ज काढून फ्लॅट घेतले आहेत. ईएमआयचा पहिला हप्ता गेला त्या दिवशीच, मिश्नाच्या हिशेबाने, ते इथले गावकरी झाले.

आणि ही केवळ सज्जनपणाची अपेक्षा नव्हती. गावचे रहिवासी सिनेगॉग बांधायला आणि सेफेर तोरा (हाताने लिहिलेला तोरा) विकत घ्यायला एकमेकांना भाग पाडू शकतात, असा नियमच आहे. शास्त्रकार रांबामने तो आपल्या ग्रंथात नोंदवला, शुल्हान आरूख या धर्मसंहितेतही तो आहे. आज भाग पाडण्याची सत्ता कोणाकडे नाही, असावी असेही मला वाटत नाही. जर्मनीत ज्यू समाजाचा कर सरकार प्राप्तिकराबरोबर वसूल करून देते; अमेरिकेत वार्षिक वर्गणी न भरणाऱ्याला मोठ्या सणांना जागेचे तिकीट मिळायची पंचाईत होत असे. आपल्याकडे दार सगळ्यांना उघडे असते. ते उघडे ठेवायला पैसे लागतात, एवढेच.

आता या पुस्तिकेच्या मुळाशी असलेल्या गोष्टीकडे येतो. वाळवंटात निवासमंडप उभारायचा ठरला तेव्हा पैसा दोन वाटांनी आला. एक वाट खुशीची. ज्याच्या मनाला वाटेल त्याने सोने, पितळ, निळे-जांभळे सूत, कातडी, सुगंधी तेल आणावे. लोकांनी इतके आणले की कारागिरांनी मोशेकडे तक्रार केली आणि शेवटी ‘आता पुरे’ अशी दवंडी छावणीत पिटावी लागली. निधी गोळा करणाऱ्या कोणाही माणसाने हा प्रसंग वाचून सुस्कारा सोडावा असाच आहे. दुसरी वाट मात्र खुशीची नव्हती. वीस वर्षांवरच्या प्रत्येक पुरुषाने अर्धा शेकेल रुपे द्यायचे. श्रीमंताने त्याहून जास्त द्यायचे नाही, गरिबाने कमी द्यायचे नाही. मोजणी झाली ती ६,०३,५५० माणसांची. अर्ध्या शेकेलने त्याचे झाले ३,०१,७७५ शेकेल, म्हणजे तीन हजार शेकेलच्या एका किक्काराने शंभर किक्कार आणि वर १,७७५ शेकेल. हा हिशेब निर्गमच्या अडतिसाव्या अध्यायात दिला आहे, आणि त्या रुप्याचे काय केले तेही. वरच्या चिल्लरीच्या आकड्या केल्या. शंभर किक्कारांच्या शंभर उथळ्या ओतल्या.

वाड्यातल्या लाकडी खांबाखाली दगडी तळखडा असतो, तशी मंडपाच्या फळ्यांखाली ही उथळी. वर पाहणाऱ्याला सोन्याने मढवलेली फळी दिसते, भरतकाम केलेला पडदा दिसतो. उथळी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण सगळे ओझे तिच्यावर. सोने, रत्ने, पडदे यांसाठी श्रीमंतांचा उत्साह चालला. ज्याच्यावर उभे राहायचे ते मात्र सगळ्यांच्या सारख्या पैशातून झाले. इथे कोणाचे नाव कोरायची सोयच नव्हती. कोणती उथळी कोणाच्या अर्ध्या शेकेलची, कोण सांगणार?

पुढे यरुशलेमच्या मंदिरासाठी हीच पट्टी दरवर्षी गोळा होऊ लागली आणि दूरदेशीचे ज्यूही ती पाठवू लागले. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि पट्टी बंद केली नाही. ती दोन दिनारांची करून बायकामुलांवरही बसवली आणि रोमच्या ज्युपिटरच्या देवळासाठी वसूल केली. वर्गणी ही समाजाची किती पक्की सवय झाली होती हे रोमन खजिनदारांना आपल्यापेक्षा चांगले कळले होते असे म्हणावे लागेल.

आपल्या कोकणातल्या पूर्वजांकडे तर शतकानुशतके मंदिरही नव्हते आणि सिनेगॉगही. घाणा होता. शनिवारी तो बंद असे, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. आठवड्यातला एक दिवस कमाई सोडून देणे ही सातव्या हिश्शाची वर्गणीच झाली, फक्त ती घ्यायला कोणी मुकादम नव्हता. सिनेगॉग आले ते मुंबईला, १७९६ साली. कंपनीच्या फौजेतला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल इझिकिएल, टिपूच्या कैदेत पडला, सुटला, आणि सुटकेच्या कृतज्ञतेने त्याने शाअर हारहामिम बांधले, अशी कथा आपण सगळे ऐकत आलो. पुढचा भाग कमी सांगितला जातो. नव्या सिनेगॉगसाठी सेफेर तोरा आणायला तो कोचीनला गेला आणि तिथेच, पुढच्याच वर्षी, वारला. इमारत एका माणसाच्या नवसाने झाली. आत वाचायला ग्रंथ हवा, वाचणारा हजान हवा, ऐकणारे दहा जण हवेत, हे सगळे मागे राहिलेल्यांनी जमवायचे होते. पनवेल, रेवदंडा, अलिबाग, पेण, ठाणे इथे एकोणिसाव्या शतकात सिनेगॉगे उभी राहत गेली ती प्रामुख्याने पलटणीतले पगार, कारकुनीतले पगार आणि तेलाची कमाई यांवर. मुकादम, चौगुले, गबाय (खजिनदार), हजान, शमाश (सेवक) अशी सारी गावकीची रचना त्यांनी उभी केली. पंचायतीचे वळण मराठी मुलखाचे, काम तोराचे.

तो काळ सरळ होता असे मात्र नाही. आपला माणूस नवसाला उदार आणि नियमाला चिकट. पोरगा पास झाला, सून सुखरूप बाळंत झाली, इस्राएलचा व्हिसा आला की एलियाहू हन्नबीचा मलिदा होतो. पोहे, गूळ, खोबरे, पाच फळे, आणि त्या दिवशी सिनेगॉगच्या पेटीतही घसघशीत काही पडते. हेखाल, म्हणजे तोराचे कपाट, उघडण्याचा, सेफेर तोरा काढण्याचा मान बोली लावून घेतला जातो तेव्हा सणाच्या दिवशी माणसे एकमेकांवर चढाओढ करतात. हे थांबवा असे मी म्हणणार नाही. त्यात मौज आहे आणि भक्तीही आहे. पण आनंदाच्या लाटेवर आलेला पैसा लाटेसारखाच ओसरतो. विजेचे बिल दर महिन्याला येते.

मोठ्या दात्याबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय पुण्याची प्रस्तावना पुरी होणार नाही. डेव्हिड ससून बगदादहून मुंबईला आले, कापूस आणि अफूच्या व्यापारात अफाट कमावले आणि पुण्याला रुग्णालयासाठी पैसे देऊन गेले. रोज हजारो माणसे त्यांचे नाव घेतात, रिक्षावाल्याशी बोलताना. १८६३ साली त्यांनी ओहेल डेव्हिडचे काम काढले, १८६४ मध्ये त्यांचा पुण्यातच अंत झाला आणि १८६७ साली इमारत पुरी झाली. त्यांची समाधी त्याच आवारात आहे. लाल विटांचा तो उंच मनोरा आणि त्यातले घड्याळ पाहिले की एका माणसाच्या मनात आले तर काय होऊ शकते ते कळते. (त्या पैशातला किती चीनमधल्या नशेचा, हा प्रश्न मनात येतो, तो येऊ द्यावा. दानाचे सोने कुठून आले हे विचारायला हरकत नाही.) पण ससूनांचे वारस जगभर पांगले, बगदादी कुटुंबे विसाव्या शतकाच्या मध्यानंतर भराभर निघून गेली. मनोरा जिथल्या तिथे आहे. मिन्यानला लागणारी दहा माणसे मनोरा पुरवत नाही.

बगदादीच कशाला, आपणही गेलोच. १९५१च्या जनगणनेत भारतात ज्यू सव्वीस हजारांच्या आसपास होते. २०११च्या जनगणनेत ४,६५० उरले, त्यांतले निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. लोद, रामला, अश्दोद, दिमोना, बीरशेबा इथे मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या भेटतात आणि कोकणातली कित्येक सिनेगॉगे शनिवारीही कुलूपबंद असतात. काहींच्या किल्ल्या शेजारच्या मुसलमान किंवा हिंदू घरात आहेत. ती घरे झाडलोट करतात, दिवाबत्ती पाहतात. त्यांच्या उपकारांतून आपण कसे उतराई होणार माहीत नाही, निदान त्यांचा पगार वेळेवर जावा.

अलीकडे एक नवा भरवसा ऐकू येतो: वारसा म्हणून पैसे येतील. येतातही. मुंबईच्या काळा घोड्याजवळचे १८८४चे केनेसेथ एलियाहू जेएसडब्ल्यू फाउंडेशनच्या मदतीने सुंदर दुरुस्त झाले, २०१९ साली युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा पुरस्कारही त्याला मिळाला. कंपनी कायद्याने सामाजिक जबाबदारीच्या निधीतून वारसावास्तूंवर खर्च करता येतो, आणि हिंजवडीच्या कंपन्यांकडे असा निधी असतो हे खरे. तो जरूर मागावा. मात्र त्या पैशातून रंगीत काचा बसतील, कौले बदलतील, छताला लागलेली वाळवी निघेल. हजानचा पगार निघणार नाही. कर्मचाऱ्याने दान दिले की तेवढीच भर घालणाऱ्या कंपन्याही बहुधा धार्मिक संस्था वगळतात. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचा फायदा मुलांच्या शिक्षणाला होईल. शब्बाथच्या दिव्यात तेल सरकार घालणार नाही, आणि घालू नये.

मग वर्गणी जाते कुठे? पहिला खर्च माणसांचा: हजान, शमाश, पहारेकरी. २००८ साली मुंबईत नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर अतिरेकी हल्ला झाला. पुण्यातल्या खबाद हाउसची पाहणी अतिरेक्यांचा हस्तक डेव्हिड हेडली याने करून ठेवली होती हेही पुढे उघड झाले. तेव्हापासून दारात पोलीस असतो, पण कॅमेरे, दिवे, कुंपण आपले आपल्याला पाहावे लागते. दुसरा खर्च सेफेर तोराचा. ३,०४,८०५ अक्षरे, चामड्याच्या पानांवर, पिसाच्या लेखणीने. लिहायला वर्षभर सहज लागते आणि एक अक्षर पुसट झाले तरी दुरुस्त होईपर्यंत ते पुस्तक वाचनातून बाजूला ठेवावे लागते. कोकणातल्या दमट हवेला आणि आपल्या पावसाळ्याला अक्षरांची दयामाया नाही. नवे पुस्तक लाखांच्या घरात जाते, जुने तपासून घेणे त्या मानाने स्वस्त, पण ते नियमाने व्हायला हवे. तिसरा खर्च दफनभूमीचा, ज्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. भिंत ढासळली की दोन पावसाळ्यांत गवत माजते आणि तिसऱ्या वर्षी कोणीतरी टपरी टाकते. जी कुटुंबे परदेशी गेली त्यांच्या आजोबांच्या कबरी आपण सांभाळतो. हश्काबा, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, म्हणायला इस्राएलहून नातू येतो तेव्हा त्याला दगड सापडला पाहिजे.

आता थोडे रुक्ष, पण हिंजवडीकरांना पहिल्यांदा हेच विचारायचे असते. ज्या संस्थेचे काम एका धार्मिक समाजापुरते आहे तिला दिलेल्या देणगीवर ८०जीची करसवलत साधारणपणे मिळत नाही. सरकारने अधिसूचित केलेल्या ऐतिहासिक प्रार्थनास्थळाच्या जीर्णोद्धाराला ती मिळू शकते. नव्या करप्रणालीत गेलेल्यांना ती तशीही नाहीच. म्हणजे सवलतीच्या आशेने देऊ नका, निराश व्हाल. दुसरी गोष्ट परदेशी नातलगांची. लोदच्या काकांचा पासपोर्ट इस्राएली असेल तर त्यांचे पैसे परकीय योगदान ठरतात. संस्थेची परकीय योगदान नियमन कायद्याखाली नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेत त्यासाठीचे खाते असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. तुमच्या खात्यात पाठवून ‘तू दे’ हा मार्गही नको. न्यू जर्सीतल्या भावाकडे अजून भारतीय पासपोर्ट असेल, तर त्याने स्वतःच्या कमाईतून पाठवलेली रक्कम परकीय धरली जात नाही. तपशील आपल्या सीएला विचारावा.

रक्कम किती असावी यावर वाद होणार, व्हावा. पगाराच्या टक्क्यात घ्यावी असे काहींना वाटते, आणि ते न्यायाचे दिसते. माझे मत अर्ध्या शेकेलच्या बाजूने आहे. रक्कम सगळ्यांना सारखी, आणि इतकी बेताची की आर्किटेक्ट झालेल्या इंजिनिअरला ती जाणवू नये आणि नर्सिंग होममधल्या परिचारिकेला ती जड जाऊ नये. समजा पाचशे रुपये. शंभर कमावत्या माणसांनी दिले तर वर्षाचे सहा लाख होतात. एवढ्यात सगळे भागणार नाही. पण हे सहा लाख कोणाच्या लहरीवर नसतील. ज्याने सारखे दिले त्याचे वार्षिक सभेत मतही सारखे. जास्त द्यायचे त्याने खुशाल द्यावे, पडद्यासाठी, रंगासाठी, सणाच्या जेवणासाठी, आणि हवी तर पाटी लावून घ्यावी. ज्याची नोकरी गेली त्याने गबायला एक फोन करावा. कारण विचारू नये, वहीत लिहू नये. आयटीत नोकरी कशी जाते हे हिंजवडीला सांगायला नको.

बँकेत एकदा आदेश देऊन ठेवला की पैसे आपोआप जातात. शब्बाथला पैशाला हात लावायचा नाही, म्हणून आपल्याकडे शनिवारी शब्द द्यायचा आणि आठवड्यात तो पुरा करायचा अशी रीत आहे. त्या रविवारच्या विसरभोळेपणावर हा उत्तम उपाय. पैसे जायची तारीख शनिवारी आली तर काय, असे कोणीतरी विचारीलच. बँकेचे यंत्र ज्यू नाही, एवढेच मला सुचते. अधिक नेमके उत्तर हजान देतील.

मागायला आपल्याला संकोच वाटतो, हे मात्र मला पटत नाही. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाच्या उत्सवात चैत्रात बगाड निघते. समोर काचेचे मनोरे उभे राहिले, शेतांचे फेज झाले, पण जत्रेची वर्गणी मागायला कोणी लाजत नाही आणि द्यायला नोकरीचे पद आड येत नाही. त्याच रस्त्यावरून आपण रोज ये-जा करतो.

एक मागणी घेणाऱ्यांकडेही आहे. मंदिराच्या कोठीतून पैसे काढायला जाणाऱ्याने दुमड असलेला झगा घालू नये, पायात जोडा घालू नये, असे मिश्नात सांगितले आहे. पुढे तो श्रीमंत झाला तर लोकांनी म्हणू नये की कोठीतून झाला. आपले विश्वस्त धर्मादाय आयुक्तांकडे तपासलेला हिशेब देतात, कायद्याने द्यावाच लागतो. तोच हिशेब, मराठीत, दोन पानांत, प्रत्येक वर्गणीदाराच्या फोनवर आला पाहिजे.

आणि एक सोय. अर्ध्या शेकेलची दवंडी आदार महिन्याच्या पहिल्या तारखेला होत असे. पंधराव्या दिवशी पैसे घेणाऱ्यांची मेजे आधी गावोगावी मांडली जात. मंदिरात ती पंचविसाव्या दिवशी. म्हणजे आधी मेज लोकांपर्यंत जाई. येत्या आदारात तसे एक मेज वाकड-हिंजवडीकडे कोणाच्या तरी सोसायटीच्या हॉलमध्ये मांडावे, असे मी विश्वस्तांना सुचवले आहे. रविवार बरा. सोबत गेल्या वर्षीचा हिशेब, बँकेचे फॉर्म आणि कोणी केला तर मलिदा.